जमीन सोसायटीच्या नावावर: पाचपाखाडीतला आमचा डीम्ड कन्व्हेयन्सचा अनुभव

ठाण्यात जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाचं बोलणं निघालं की पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारतं, "कन्व्हेयन्स झालंय का?" म्हणजे इमारतीखालच्या जमिनीची मालकी दस्त करून सोसायटीच्या नावावर झाली आहे का. आमच्या सोसायटीत या प्रश्नाला वर्षानुवर्षं एकच उत्तर होतं, "नाही." इमारत १९८७ सालची, पाचपाखाडीत, तळमजला अधिक चार. फ्लॅट आमचे, मालमत्ता कर आम्ही भरतो, गळती निघाली की वर्गणी आम्ही काढतो. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, मात्र मूळ जमीनमालकाचं नाव. बिल्डरने त्याच्याकडून विकसन करार आणि कुलमुखत्यारपत्र घेतलं, इमारत बांधली, फ्लॅट विकले, सोसायटी नोंदवली आणि पुढचं काम सोडून दिलं. सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत कन्व्हेयन्स करून द्यावं, असं मोफाचे, म्हणजे महाराष्ट्रातल्या फ्लॅट मालकीच्या कायद्याचे, नियम सांगतात. बिल्डरची भागीदारी फर्म पुढे बंद पडली, भागीदार वारले, जमीनमालकही गेले.

मी सेक्रेटरी झाले तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट पक्की होती. आमच्याकडे बहुतेक घरांतली माणसं सत्तरीच्या पुढची आहेत. जिने चढवत नाहीत, लिफ्ट बसवायला जागा नाही, गच्चीचा स्लॅब दर पावसाळ्यात त्रास देतो. पुनर्विकास होईल तेव्हा होईल, पण जमिनीवर संस्थेचं नाव नसेल तर बोलणी करताना आपला हात कायम दगडाखाली राहणार, आणि ते मला मान्य नव्हतं.

मोफा हा १९६३ चा कायदा. बिल्डर कन्व्हेयन्स देत नसेल तर संस्थेने एकटीने ते मिळवण्याची वाट २००८ च्या दुरुस्तीने खुली झाली. कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे अर्ज करायचा. सक्षम प्राधिकारी तेच. सरकारी भाषेत याला मानीव अभिहस्तांतरण म्हणतात, सोसायटीत सगळे डीम्ड कन्व्हेयन्सच म्हणतात. अर्ज नमुना ७ मध्ये असतो आणि त्याला दोन हजार रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. खर्चाचा आणि कष्टाचा खरा भाग अर्जाच्या आधी असतो, आणि तो आपल्याच इमारतीत असतो.

सर्वसाधारण सभेत ठराव झाला आणि आम्ही प्रत्येक घराकडून करारनामा, इंडेक्स टू (करार नोंदल्याचा उतारा) आणि शेअर सर्टिफिकेटची प्रत मागायला सुरुवात केली. मला वाटतं, बऱ्याच सोसायट्या इथेच दमतात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा करार त्यांच्या यजमानांच्या विम्याच्या कागदांबरोबर पत्र्याच्या पेटीत होता. कागद बाहेर देताना त्यांचा जीव खालीवर होत होता. मी त्यांच्यासमोर प्रत काढून मूळ कागद लगेच पेटीत ठेवला, तेव्हा त्या शांत झाल्या. एक फ्लॅट तीनदा विकला गेलेला, त्यातल्या मधल्या खरेदीची प्रत कोणाकडेच नाही. एक मालक वारलेले, मुलगा परदेशात आणि वारसनोंद अर्धवट. तळमजल्यावरचे दुकानदार म्हणाले, "ताई, आम्हाला यातून काय मिळणार?" त्यांच्याशी अध्यक्ष बोलले. पुनर्विकासात दुकानाच्या जागेचा हक्कही याच कागदातून येणार हे पटल्यावर त्यांनी सगळ्यात आधी फाइल आणून दिली. जुन्या सालांचे इंडेक्स टू ऑनलाइन मिळेनात, म्हणून दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात शोधाचा अर्ज करून नकला काढल्या. तिथल्या कारकूनबाईंनी नुसत्या सालावरून आणि गावाच्या नावावरून रजिस्टर काढून दिलं. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

दुसरी अडचण मुद्रांक शुल्काची. १० डिसेंबर १९८५ पासून फ्लॅटच्या करारावर विक्रीसारखं शुल्क लागू झालं. आमच्या इमारतीतले पहिले करार त्यानंतरचे असूनही काही दहा-वीस रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर केलेले. कन्व्हेयन्सच्या वेळी ज्या फ्लॅटचं शुल्क पूर्ण भरलंय त्याची वजावट मिळते, ज्याचं अपुरं आहे त्याचा प्रश्न उभा राहतो. आमचं नशीब असं की त्याच सुमारास राज्य सरकारची मुद्रांक शुल्क अभय योजना आली. १ डिसेंबर २०२३ पासून ती सुरू झाली आणि १९८० ते २०२० या काळातले दस्त तिच्यात बसत होते. २००० सालाच्या अखेरपर्यंतच्या दस्तावर कमी भरलेलं शुल्क एक लाखाच्या आत असेल तर पहिल्या टप्प्यात शुल्क आणि दंड दोन्ही माफ होते. ज्या घरांना ती लागू होती त्या सगळ्यांचे अर्ज आम्ही एकत्र बसून भरले. पेन्शनवर राहणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून दंडाचं ओझं उतरताना मी पाहिलं आहे, त्यामुळे अशा योजनेची मुदत चुकू नये, असं मी भेटेल त्या सोसायटीला सांगते.

भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे इमारत वापरायला महापालिकेने दिलेल्या परवानगीची, मूळ प्रत बिल्डरबरोबरच गेली होती. जून २०१८ च्या शासन निर्णयाने कागदांची यादी आटोपशीर केली आहे आणि भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर संस्थेच्या स्वयंघोषणापत्राचा मार्ग ठेवला आहे. तो आम्हाला उपयोगी पडला. मंजूर नकाशाची प्रत महापालिकेतून काढली. आर्किटेक्टने जागेची मोजणी करून भूखंडाचं क्षेत्रफळ, वापरलेला एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम) आणि संस्थेच्या वाट्याची जमीन असं प्रमाणपत्र दिलं. आमचा भूखंड एकाच इमारतीचा, म्हणून हे सोपं गेलं. मोठ्या लेआउटमध्ये तीन-चार सोसायट्या असतील तर रस्ता, बाग, मोकळी जागा यांचा अविभक्त हिस्सा काढताना आर्किटेक्टची खरी कसोटी लागते. तिथे स्वस्तातला माणूस घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

अर्ज गावदेवी मैदानाजवळच्या कार्यालयात दाखल झाला. छाननीत एक-दोन त्रुटी निघाल्या, त्या पूर्ण केल्या. मग बिल्डर आणि जमीनमालकांच्या वारसांना शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यांवर नोटिसा गेल्या, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली. कायद्यात सहा महिन्यांत निर्णय द्यावा असं आहे. आमचं प्रकरण त्याहून थोडं लांबलं, कारण वारस आले.

त्यांच्या वकिलांचं म्हणणं असं की इमारतीमागची पट्टी बिल्डरला दिलीच नव्हती, ती कुटुंबाची आहे, आणि उरलेला एफएसआयही कुटुंबाचा. त्या दिवशी आमच्या समितीचे चेहरे उतरले. बाहेर आल्यावर कोणी म्हणालं, पट्टी सोडून द्या आणि बाकीचं घ्या. कोणी म्हणालं, आता हे हायकोर्टात जाणार आणि आपण हयात असेपर्यंत काही होत नाही.

आमच्या वकील मॅडमनी तिथेच बाकावर बसून समजावलं. मंजूर नकाशात एफएसआय काढताना मागची पट्टी धरलेली आहे. आमच्या प्रत्येक करारनाम्याच्या परिशिष्टात पूर्ण भूखंडाचं क्षेत्रफळ लिहिलं आहे. विकसन करारातही तेच आहे. पुढच्या सुनावणीत त्यांनी हे तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२५ चा निकाल दाखवला. तो मुंबईच्या एव्हॉन आर्केड या संस्थेच्या प्रकरणातला, न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाचा. कलम ११ खालची चौकशी संक्षिप्त स्वरूपाची असते, प्राधिकाऱ्याने मालकीहक्काचा अंतिम निवाडा करायचा नसतो, ज्याला मालकी सांगायची आहे त्याला दिवाणी दाव्याचा मार्ग खुला राहतो, आणि उघड बेकायदेशीरपणा नसेल तर उच्च न्यायालयांनी रिट अर्जावर अशा आदेशांत सहसा हस्तक्षेप करू नये, असा त्याचा आशय.

मला या निकालाचं मोल फार वाटतं. याआधी कन्व्हेयन्सचा आदेश झाला की समोरचा पक्ष रिट दाखल करणार, ही धास्ती प्रत्येक सोसायटीला असायची. वारसांचा हक्क या निकालाने काढून घेतलेला नाही, हेही खरं आहे. त्यांच्या आजोबांची जमीन होती, त्यांना विचारायचा अधिकार आहे. पण त्यासाठी पुरावा घेऊन दिवाणी न्यायालयात जावं लागेल, आणि तोवर साठ-सत्तर माणसांचं घर टांगणीला राहणार नाही. मी सुनावणीनंतर वारसांपैकी एका ताईंना भेटून हेच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, बोलणं सभ्यपणे झालं.

आदेश पूर्ण भूखंडाचा झाला, प्रमाणपत्र मिळालं. त्यानंतरचे टप्पे थोडक्यात सांगते. एकतर्फी अभिहस्तांतरणाचा दस्त तयार करून मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती ते ठरवून घेण्यासाठी, दिला. सगळ्या फ्लॅटचे शुल्क भरल्याचे पुरावे जोडलेले असल्याने संस्थेवर नाममात्र रक्कम आली. अभय योजनेतले ते अर्ज इथे कामी आले. मग दुय्यम निबंधकांनी बिल्डरला आणखी एक नोटीस काढली, तीही कायद्यातच आहे. मुदतीनंतर दस्त नोंदला गेला. आदेश हातात आला की अनेक जण पेढे वाटून थांबतात. नोंदणीशिवाय आदेश अपुरा आणि मिळकत पत्रिकेवर फेरफार झाल्याशिवाय नोंदणी अपुरी, म्हणून नगर भूमापन कार्यालयातला अर्ज आम्ही त्याच आठवड्यात दिला. तिथेही नोटिसीचा काळ गेला आणि संस्थेचं नाव चढलं.

मिळकत पत्रिकेची प्रत घेऊन मी आधी तिसऱ्या मजल्यावर गेले. आजींनी चष्मा लावून नाव दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "ह्यांना दाखवायला हवं होतं." मला काही बोलता आलं नाही.

आता पुनर्विकासाचं काम सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांप्रमाणे सुरू आहे. स्वयंपुनर्विकास करायचा की विकासक नेमायचा यावर सभेत दोन मतं आहेत, आणि आधी प्रकल्प सल्लागाराचा व्यवहार्यता अहवाल हातात येऊ द्यावा, असं मी सुचवलं आहे. वारसांनी अजून दावा केलेला नाही. खबरदारी म्हणून आम्ही दिवाणी न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, दाखल करून ठेवलं आहे. त्याची मुदत ९० दिवसांची असते, म्हणून ती तारीख समितीच्या वहीत लाल शाईने लिहिली आहे आणि संपायच्या आधी नवं कॅव्हेट देण्याचं काम खजिनदारांकडे सोपवलं आहे.