वहीतल्या गाळलेल्या जागा

आत्याची बंदिशींची वही २०१९ च्या पुरात कोल्हापुरात शाहूपुरीतल्या घरी दोन दिवस पाण्याखाली होती. पेन्सिलीने लिहिलेले बरेचसे टिकले, शाईचे स्वर मात्र कागदभर पसरले. त्या बंदिशी मी गेले वर्षभर एबीसी या, स्वर साध्या इंग्रजी अक्षरांत लिहायच्या पद्धतीने संगणकावर उतरवून घेत आहे. ख्रिस वॉलशॉ यांनी तयार केलेली ही पद्धत पाश्चात्त्य लोकधुनांसाठी असली, तरी षड्जाला 'सी' मानले की कोमल-तीव्र स्वरांची सोय होते, आणि साध्या मजकुराच्या एकाच फाइलीत शेकडो बंदिशी राहतात.

अडचण आली ती न वाचता येणाऱ्या स्वरांची. वहीतल्या भातखंडे स्वरलेखन पद्धतीत आडवी रेघ म्हणजे आधीचा स्वर लांबवायचा. एबीसीत तेच काम स्वरापुढचा आकडा करतो, आणि लहान लिपीतला 'झेड' म्हणजे विश्रांती. झपतालातल्या एका बंदिशीच्या तिसऱ्या विभागातल्या दोन्ही मात्रा पुसल्या गेल्या होत्या. दहा मात्रांचा हिशेब जुळावा म्हणून मी तिथे दोन मात्रांचा 'झेड' टाकला आणि पुढे गेलो. महिनाभराने आत्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने तीच बंदिश माझ्या छापील कागदावरून बसवून आणली आणि त्या तिसऱ्या विभागात, तालाच्या 'खाली'वर, अशी काही झोकात थांबली, की आत्याचा मांडीवर ताल देणारा हातच थबकला.

"हे थांबायचं कुणी शिकवलं गं तुला?"

मुलीने कागद पुढे केला. माझ्या अज्ञानाची जागा तिने विराम म्हणून घोटली होती, आणि तिचा त्यात काहीच दोष नव्हता.

तेव्हापासून 'झेड' फक्त खऱ्या विश्रांतीसाठी. गाळलेल्या जागी मी लहान लिपीतला 'एक्स' वापरतो. तो मात्रा व्यापतो पण छपाईत दिसत नाही, म्हणून त्याच्या डोक्यावर अवतरणचिन्हांत प्रश्नचिन्ह देतो, जे स्वरांच्या वर छापले जाते. कारण ओळीच्या शेवटी टक्के-चिन्हामागे लिहितो: पान भिजले, आत्याला आठवत नाही, किंवा माझेच टंकलेखन बाकी. टक्क्यामागचा मजकूर छपाईत येत नाही, त्यामुळे तिथे मोकळेपणाने लिहिता येते. वाजवताना मात्र 'एक्स'ही मुकाच राहतो, म्हणून अपूर्ण बंदिशींची ध्वनिफीत मी कुणाला देत नाही.

राहिलेल्या अंतऱ्यासाठी कोरी ओळ सोडून ठेवणे हा आणखी एक मोह. एबीसीत कोरी ओळ आली की रचना संपली असे धरले जाते. माझे दोन अंतरे असेच कित्येक आठवडे फाइलीत असूनही छापले जात नव्हते. आता तिथे कोरी ओळ न सोडता नुसते टक्के-चिन्ह ठेवतो.

बंदिश अपूर्ण असल्याची नोंद मी शीर्षकात करत नाही, नाहीतर अनुक्रमणिकेत 'अपूर्ण' हेच नाव होऊन बसते. ती टिपणांसाठीच्या 'एन' ओळीत जाते. शब्द मात्र एकच हवा. मी कुठे 'अपूर्ण' तर कुठे 'अर्धवट' लिहिले होते, आणि शोध घेताना तीन बंदिशी निसटल्या.

वहीच्या अनुक्रमणिकेत नाव आहे पण पानच नाही, अशा बंदिशींसाठी एबीसीच्या प्रमाणकाच्या २०११ मधल्या २.१ आवृत्तीत छान सोय आहे: स्वरांशिवाय नुसते शीर्षभाग लिहिणेही वैध धरले आहे. क्रमांक, नाव, आणि शेवटी पट्टीची 'के' ओळ, बस्स. गायक अल्लादियाखाँसाहेबांच्या या गावात पुष्कळ गाणे तोंडीच शिकवले गेले, त्यामुळे नुसत्या नावालाही मोल आहे. नाव ऐकून कुणाला तरी मुखडा आठवतो.

झपतालातल्या त्या दोन मात्रा आत्याने मागच्या रविवारी गुणगुणून दाखवल्या. पुन्हा विचारल्यावर वेगळ्याच गुणगुणल्या. दोन्ही टक्क्यामागे लिहून ठेवल्या आहेत. डोक्यावरचे प्रश्नचिन्ह अजून काढलेले नाही.