वंशावळीत नसलेली पणजी आणि 41 सेंटीमॉर्गन

भावकीच्या ग्रुपवर चुलतभावाने वंशावळ टाकली. कुणबी प्रमाणपत्राच्या अर्जाला जोडायची म्हणून तो वर्षभर तहसील, तलाठी, भूमी अभिलेख असा फिरत होता. खासरा पाहणी पत्रकाच्या नकला काढल्या, एक जुनी उर्दू नोंद परभणीत जाणकाराकडून वाचून घेतली आणि कागद उभा केला. सात पिढ्या आहेत. वर मूळ पुरुष, त्याखाली तीन पोरं, मग त्यांची पोरं, असं उतरत उतरत माझ्या भावाच्या लेकापर्यंत. मी त्यात नाही. आई नाही, आजी नाही, पणजी नाही.

रागाने लिहीत नाहीये. तो कागद एका कामाचा आहे, आणि त्या कामाला बापाकडून आलेलं रक्ताचं नातं दाखवावं लागतं. शिवाय आपल्याकडे एवढं सापडणं हीच मोठी गोष्ट आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात. दप्तर काही उर्दूत, काही मोडीत, काही इथे तर काही थेट हैदराबादेत. 2023 साली न्यायमूर्ती शिंदे समितीला कुणबी नोंदी शोधायला तिथवर जावं लागलं. त्यातून एका शेतकऱ्याच्या पोराने नोकरी सांभाळून सात पिढ्या लावल्या, याचा मला अभिमानच आहे. मी राहते त्या आयर्लंडमध्ये भलेभले चौथ्या-पाचव्या पिढीला अडतात. 30 जून 1922 रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं अभिलेखागार यादवी युद्धात जळालं आणि 1821 ते 1851च्या जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. पुढच्या चार जनगणना सरकारने स्वतःच नष्ट केल्या होत्या. त्यामुळे सामान्य घरातल्या माणसाला सलग हाताला लागणाऱ्या सगळ्यात जुन्या जनगणना 1901 आणि 1911च्या.

पण त्या कागदावर पणजी नाही, हे मला या वेळी लागलं. लागण्याचं कारण माझ्या शेजारच्या बाकावर बसतं.

कॉर्कमधल्या आमच्या औषधाच्या प्रयोगशाळेत एक बाई आहेत, साठीला आलेल्या. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना जिथे ठेवत, अशा एका संस्थेत त्यांचा जन्म झाला आणि थोड्याच आठवड्यांत त्यांना दत्तक दिलं गेलं. या संस्थांबद्दलचा सरकारी चौकशी आयोगाचा अहवाल 2021 साली आला. 18 संस्थांमध्ये मिळून सुमारे 9000 लेकरं दगावली, असं त्यात लिहिलं आहे. देशभरातून 2000हून जास्त लेकरं दत्तक म्हणून अमेरिकेला पाठवली गेली. स्वतःचा जन्मदाखला बघण्याचा पूर्ण हक्क दत्तक गेलेल्यांना इथे 2022च्या कायद्याने मिळाला. या बाई त्याच्या कितीतरी आधीपासून शोधत होत्या, ते डीएनए तपासणाऱ्या कंपन्या जुळणाऱ्या माणसांच्या याद्या देतात त्यांवरून.

त्यांनी मला ती यादी जेवणाच्या सुट्टीत उघडून दाखवली. एकाखाली एक नावं, आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा: आपला आणि त्या माणसाचा किती डीएनए सारखा आहे, तो सेंटीमॉर्गन या मापात. आई-बाप आणि लेकरू यांच्यात साधारण 3400 ते 3500. सख्ख्या चुलत किंवा मावसभावंडांत सरासरी साडेआठशेच्या आसपास. पुढच्या पिढीच्या भावंडांत, म्हणजे ज्यांचे पणजोबा-पणजी एक त्यांच्यात, सव्वादोनशेच्या आसपास. त्यापुढे आकडा झपाट्याने खाली येतो. बाईंच्या यादीत सगळ्यात वर बॉस्टनची एक बाई होती, आकडा 1740. एवढा आकडा आजीचा असू शकतो, मावशीचा असू शकतो, आत्याचा असू शकतो, किंवा एकाच आईच्या नाहीतर एकाच बापाच्या बहिणीचा. दोघींच्या वयात चार वर्षांचं अंतर, म्हणजे बहीण असण्याचीच शक्यता जास्त.

पण आईकडून की बापाकडून? त्यासाठी त्यांनी जे केलं ते बघून मी थक्क झाले. डॅना लीड्स नावाच्या अमेरिकन बाईंनी 2018 साली एक पद्धत मांडली आहे. 400च्या खालची आणि 90च्या वरची नावं घ्यायची. पहिल्या नावाला एक रंग द्यायचा. त्याच्याशी ज्यांचं ज्यांचं जुळतं त्यांना तोच रंग. उरलेल्यांतल्या पहिल्याला दुसरा रंग. शेवटी बहुतेकदा चार रंगांचे चार गठ्ठे पडतात, आपल्या दोन आज्या आणि दोन आजोबांचे. बाईंनी मोठ्या कागदावर हे सगळं पेन्सिलींनी रंगवलं होतं, आणि प्रत्येक गठ्ठ्यासमोर 1911च्या जनगणनेतली घरं लिहिली होती. बॉस्टनची बहीण हिरव्या आणि पिवळ्या गठ्ठ्याशी जुळली. आईचं माहेर केरी परगण्यात निघालं. आई तोवर गेली होती. दोघी बहिणी आता दर रविवारी बोलतात.

मला जे भिडलं ते हे: त्या कागदावर बायका पुरुषांइतक्याच ठळक होत्या. डीएनएला माहेर-सासर कळत नाही. निम्मा आईचा, निम्मा बापाचा, एवढंच त्याला ठाऊक.

बाईंनीच आग्रह केला म्हणून मीही नळीत थुंकी भरून पाठवली. आणि इथून पुढे जे झालं त्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण परदेशातली आपली मंडळी मोठ्या आशेने हे किट घेतात.

पहिली गोष्ट टक्केवारी. या कंपन्या एक नकाशा देतात. माझ्या नकाशात निम्म्या हिंदुस्थानावर एकच रंग फासला होता. गोदावरीचा काठ, बालाघाटचे डोंगर, तेलंगणाची सीमा, सगळं एका रंगात. याच कंपन्या आयर्लंडच्या माणसाला परगण्यापर्यंत नेऊन सोडतात, कारण त्यांच्याकडे तिथले नमुने ढीगभर आहेत. आपली माणसं तपासलीच नाहीत, तर आपला नकाशा बारीक कुठून होणार? हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी 2013 साली दाखवलं की भारतातले मोठे समूह साधारण 4200 ते 1900 वर्षांपूर्वी एकमेकांत मिसळले आणि त्यानंतर लग्नं हळूहळू आपापल्या जातीतच होऊ लागली. म्हणजे जी माहिती खरोखर आपल्याबद्दल काही सांगते, ती हैदराबाद आणि हार्वर्डच्या प्रयोगशाळांत निघाली. विकत मिळणाऱ्या डबीत ती आलेली नाही. याची मला चीड येते आणि ती मी लपवणार नाही.

दुसरी गोष्ट जुळणाऱ्यांची यादी. यातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीकडे अडीच कोटींच्या वर माणसं आहेत, पण बहुतेक गोरी. आमच्या बाईंच्या यादीत 90च्या वरच्या नावांना पानं पुरत नाहीत. माझ्या यादीत 90च्या वर एकही नाव नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती कोणतीच कंपनी धड सांगत नाही. आकड्यावरून नातं काढताना ही यंत्रणा धरून चालते की आपले पूर्वज एकमेकांचे कोणी लागत नव्हते. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची पद्धत आहे. माझे आजी-आजोबा आते-मामे भावंडं होते. पंचक्रोशीतल्या दहा-वीस गावांत पिढ्यान् पिढ्या सोयरीक होते. अशा ठिकाणी दोन माणसं चार वाटांनी नात्यात असतात, आणि चारही वाटांचे तुकडे मिळून आकडा फुगतो. दूरचं नातं जवळचं दिसायला लागतं. म्हणून नुसती बेरीज पाहू नका, सगळ्यात लांब सलग तुकडा किती आहे ते पाहा. बेरीज मोठी पण तुकडे सगळे बारके, तर ते जुन्या जुन्या सोयरिकीचं साचलेलं असतं. तुकडा लांब असेल तर सामाईक पूर्वज जवळचा असण्याची शक्यता जास्त. आणि उलट बाजूही आहे: खापरपणजोबा एक असलेल्यांपैकी दहात एकाशी काहीच जुळत नाही, त्यापुढच्या पिढीत तर जवळजवळ निम्म्यांशी. म्हणजे यादीत नाव नाही म्हणून नातं नाही असं होत नाही.

माझ्या यादीत सगळ्यात वर होता कॅनडातला एक मराठी मुलगा. 41 सेंटीमॉर्गन, लांब तुकडा 22. मी निरोप टाकला, आणि दोघांनीही पहिल्याच ओळीत मूळ गाव विचारलं. त्याला सांगता येईना. त्याचे आजोबा 1972च्या दुष्काळात बायको-लेकरं घेऊन मुंबईला गेले ते परत फिरकलेच नाहीत. जमीन नव्हतीच, घर पडलं. त्याला एवढंच ऐकून माहीत की गाव गंगेच्या काठाला होतं आणि पाथरी तालुक्याचं ठिकाण होतं.

गंगा म्हणजे आपली गोदावरी, हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि माझ्या पणजीला गावात गंगथडीची म्हणत.

मी आत्याला फोन लावला. तिने विचारलं, "तुला गं कशाला पाहिजे आता तिचं माहेर?" मी कारण सांगितलं. तेव्हा म्हणाली, "थांब, पेटी काढते." पत्र्याच्या पेटीत तिच्या लग्नातली आहेराची वही होती, 1967ची. भाच्याने पानापानाचे फोटो काढून पाठवले. वर कुलस्वामिनी प्रसन्न, खाली चार रकाने: नाव, गाव, नगद, कापड. शाळेच्या मास्तरांचं वळणदार अक्षर, निळी शाई जागोजागी तपकिरी झालेली. आधी भावकी, मग व्याही, मग मामे. आणि तिसऱ्या पानावर, "आजीचे माहेर" असं बाजूला लिहून, एक नाव, पाथरी तालुक्यातलं गोदाकाठचं एक गाव, नगद 2 रुपये, पातळ 1, टोपी 1. आडनाव कॅनडातल्या मुलाचं.

आडनाव सगळीकडे सापडणारं आहे, त्यामुळे त्यावर मी लगेच हुरळले नाही. पण गाव, नदी, तालुका, आडनाव आणि लांब तुकडा हे सगळं एका ओळीत येतंय. त्याचे पणजोबा आणि माझी पणजी बहीण-भाऊ असतील, तर आमच्यात सरासरी सत्तरच्या आसपास जुळायला हवं, आणि 41 त्यात सहज बसतं.

मला सांगायचंय ते हेच. वंशावळीच्या कागदाने सात पिढ्यांचे पुरुष दिले, डीएनएने एक अनोळखी नाव दिलं, आणि दोघांना जोडलं ते आहेराच्या वहीने. आपल्या बायकांची माहेरं सरकारी दप्तरात नाहीत. ती आहेराच्या वह्यांत आहेत, आत्यांच्या आणि मोठ्या काकूंच्या तोंडी आहेत, कोणाला लग्नात मामाचा मान दिला यात आहेत. गावोगावी जुनी घरं पाडून स्लॅब पडतायत आणि या पेट्या भंगारात चालल्यात. ज्यांच्या घरी असतील त्यांनी पानं फोटोत घ्यावीत, आणि घरातल्या सगळ्यात जुन्या बाईला शेजारी बसवून प्रत्येक नाव कोण ते विचारून लिहून ठेवावं.

काही नातेवाइकांनी मला विचारलं की असलं खणून काय करायचंय. मोठ्या काकांनी तर स्पष्ट नाही सांगितलं: माझी थुंकी मी कोणाला देणार नाही. इथल्या लोकांना हे सांगितलं की ते आपल्याला अडाणी समजतात, आणि ते मला अजिबात पटत नाही. काकांचं भय खरं आहे. 2023 साली ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीतून सुमारे 69 लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च 2025मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. 2018 साली कॅलिफोर्नियात एक जुना खुनी पकडला गेला तो त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी जेडमॅच या संकेतस्थळावर टाकलेल्या डीएनएवरून. त्याने स्वतः काही दिलं नव्हतं. एकाने दिलं की अख्ख्या भावकीचं थोडं थोडं गेलं. फ्रान्ससारख्या देशात हौसेने अशी चाचणी करून घ्यायला बंदीच आहे. आणि ज्या देशाने हजारो आयांची लेकरं कागदाआड दडवली, त्या देशाने आपल्या काकांना झाकापाकीबद्दल शिकवू नये.

मी दिली ती विचार करून दिली. लांब गेलेलं माणूसच मुळं शोधत बसतं, असं मला टोचून बोललं जातं. बसू द्या की. दुष्काळात गाव सुटलेल्याच्या नातवाला गावाचं नाव मिळालं, ते दोन लांब गेलेल्या माणसांमुळेच मिळालं. लग्नाकार्याला मला येता येत नाही, पण भावकीचं हे एक काम तरी माझ्या हातून होतंय, आणि घरी बसून ते झालं नसतं.

आता पुढचं. या कामात सगळ्यात जुनी पिढी तपासणं सगळ्यात मोलाचं, कारण प्रत्येक पिढीगणिक जुळणारा डीएनए सरासरी निम्मा होत जातो. माझे बाबा तयार नाहीत, आणि मी त्यांना परत विचारणार नाही. त्या मुलाच्या वडिलांनी मात्र नमुना दिलाय. आमचा अंदाज बरोबर असेल तर त्यांचं-माझं सरासरी 120च्या आसपास जुळायला हवं. आकडा मुलापेक्षाही खाली निघाला, तर नातं त्या मुलाच्या आईकडून आलंय असं धरावं लागेल, आणि मग आत्याच्या वहीतली मामेमंडळींची पानं पुन्हा पहिल्यापासून वाचायची.