वजाबाकीचा धंदा

स्मरणिका समितीचा निरोप आला: शाळेच्या आठवणी लिहाच, पण हल्ली तुम्ही नेमकं काय करता तेही समजेल असं लिहा. पहिली अट सोपी. दुसरीचं उत्तर असं की, मी अवरक्त किरणांनी प्रथिनं आणि पेशीपटलं तपासते. एवढं सांगितलं की समोरचे "वा, छान" म्हणून विषय बदलतात. इथे पानं माझ्या ताब्यात असल्यामुळे ती सोय नाही.

विज्ञानाच्या बाई प्रयोगशाळेत स्टँडला स्प्रिंग अडकवून द्यायच्या. खाली वजन लावायचं, किंचित ओढून सोडायचं आणि दोलनांना लागणारा वेळ वहीत मांडायचा. वजन वाढवलं की दोलनं संथ, ताठ स्प्रिंग लावली की जलद. आम्हाला तो प्रयोग हमखास गुण देणारा आणि तितकाच कंटाळवाणा वाटे. आज माझं निम्मं शास्त्र त्याच्यावर उभं आहे. रेणूतले दोन अणू ही वजनं आणि त्यांच्यातला बंध ही स्प्रिंग, असं धरून केलेलं गणित जवळजवळ जसंच्या तसं लागू पडतं. फरक वेगाचा. प्रथिनाच्या साखळीतला कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध सेकंदाला सुमारे ५० लाख कोटी वेळा हेलकावतो. नेमक्या त्याच वारंवारतेचा प्रकाश पडला तर बंध तो शोषून घेतो. हा प्रकाश तांबड्याच्या पलीकडचा. तिथे विल्यम हर्शेलने १८०० साली थर्मामीटर ठेवला आणि डोळ्यांना न दिसणारं काहीतरी पारा चढवतंय हे त्याच्या लक्षात आलं. शोषणाला आणखी एक अट आहे: हेलकाव्याबरोबर रेणूतल्या विद्युतभाराची विभागणी बदलली पाहिजे. म्हणून हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन आमच्या वाटेला जात नाहीत. पाण्याची वाफ मात्र जाते, आणि तिथून आमची रडकथा सुरू होते.

आधी प्रथिनांचं सांगते. प्रत्येक प्रथिनात हा दुहेरी बंध साखळीभर पुन्हा पुन्हा येतो. त्यांचं एकत्रित शोषण १६०० ते १७०० वेव्हनंबरच्या (एका सेंटिमीटरमध्ये प्रकाशाच्या किती लाटा मावतात तो आकडा; पुढचे असे सगळे आकडे त्याचेच) दरम्यान एका जाड पट्ट्यात दिसतं. आम्ही त्याला 'अमाइड वन' म्हणतो. साखळी मळसूत्रासारखी गुंडाळलेली असेल तर पट्ट्याचं शिखर १६५५च्या आसपास येतं, चादरीसारखी पसरलेली असेल तर १६३०च्या. घडी धरून ठेवणारे हायड्रोजन बंध किती घट्ट आहेत आणि शेजारचे बंध एकमेकांशी किती ताल धरतात, यावर ते ठरतं. प्रथिनं तापून किंवा बिघडून एकमेकांना चिकटली की शिखर आणखी खाली, १६२०च्या घरात सरकतं. एलियट आणि अँब्रोज यांनी हे नातं १९५०मध्ये मांडलं, तेव्हा एकाही प्रथिनाची अणूंपर्यंतची रचना कुणी पाहिलेली नव्हती. पुढे १९९३मध्ये याच पट्ट्यावरून दिसलं की प्रायॉन प्रथिन (बिघडलं की मेंदूचे रोग घडवणारं) रोगकारक होतं तेव्हा त्यात चादरीचा भाग भरमसाट वाढतो. निरोगी रूपात तो जेमतेम ३ टक्के होता, रोगकारक रूपात ४३. अमिनो आम्लांची माळ तीच, घडी वेगळी.

आता पाणी. प्रथिनं राहतात पाण्यात, आणि पाण्याच्या रेणूच्या वाकण्याचं शोषण येतं १६४५ला. म्हणजे बरोबर आमच्या पट्ट्याच्या डोक्यावर. शिवाय पाण्याचे रेणू प्रथिनाच्या रेणूंपेक्षा हजारो पटींनी जास्त. त्यामुळे नमुन्याची जाडी पाच-सहा मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली आणावी लागते. कॅल्शियम फ्लोराइडच्या दोन चकत्या घ्यायच्या (मिठाच्या चालत नाहीत, त्या विरघळतात), एका चकतीवर थेंब ठेवायचा, दुसरी तिरकी टेकवून हळूहळू आडवी करायची. मध्ये बुडबुडा दिसला की चकत्या पुसून पुन्हा पहिल्यापासून. मग डिटेक्टरमध्ये नरसाळ्याने उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन ओतायचा. सुरुवातीला तो उसळून बाहेर येतो, टेबलावर पांढरं धुकं पसरतं, आणि त्या क्षणी नवखे विद्यार्थी दोन पावलं मागे सरकतात. नमुना ठेवायला कप्पा उघडला की खोलीतली वाफ आत शिरते. कोरडी हवा सोडून ती हाकलेपर्यंत गप्प बसायचं. घाई करणाऱ्याच्या स्पेक्ट्रमवर, म्हणजे कुठल्या वेव्हनंबरला किती शोषण झालं त्या आलेखावर, वाफेच्या काटेरी रेघा उगवतात आणि तो त्यांनाच प्रथिनाची शिखरं समजून नावं द्यायला लागतो.

एवढं करून जे मिळतं ते बहुतांश पाणीच. म्हणून प्रथिन न घातलेल्या द्रावणाचा स्पेक्ट्रम वेगळा घ्यायचा आणि वजा करायचा. किती वजा करायचा हा खरा प्रश्न. पाण्याचा एक बसका पट्टा २१२५ला असतो, तिथे प्रथिनाचं काहीच नसतं. तो सपाट होईपर्यंत वजाबाकी करायची, त्यापुढे एक कणही नाही. आमचे गणिताचे सर हातचा लिहिला नाही तर उत्तर बरोबर असूनही गुण कापायचे. माझ्या विद्यार्थ्यांचं माझ्याबद्दल तेच मत आहे, असं कानावर आलंय.

दुसरी वाट जड पाण्याची. हायड्रोजनच्या जागी त्याचाच जड भाऊ ड्युटेरियम आला की वजन वाढतं, दोलन मंदावतं आणि पाण्याचा तो पट्टा १२१०ला जातो, मैदान मोकळं. वर एक फायदा फुकटात. प्रथिनाच्या साखळीतले हायड्रोजनही हळूहळू ड्युटेरियमशी अदलाबदल करतात. बाहेरचे पटकन, घडीच्या आत दडलेले सावकाश. कुठला पट्टा किती वेळाने सरकतो यावरून प्रथिनाचा कुठला भाग सैल आहे ते कळतं.

पण मला सगळ्यात आवडते ती तिसरी वजाबाकी. एका सूक्ष्मजीवाच्या पटलात बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन नावाचं जांभळं प्रथिन असतं, २४८ अमिनो आम्लांचं. प्रकाश पडला की ते पटलातून प्रोटॉन बाहेर ढकलतं. अंधारातला स्पेक्ट्रम घ्यायचा, प्रकाशातला घ्यायचा, एकातून दुसरा वजा करायचा. पाणी, मेद, प्रथिनाचा जागचा न हललेला सगळा सांगाडा, हे सारं आपोआप नाहीसं होतं आणि उरतं ते फक्त बदललेलं. त्यात १७६०च्या आसपास एक लहानसं शिखर उगवतं: ८५ क्रमांकाच्या अ‍ॅस्पार्टिक आम्लाने प्रोटॉन घेतला! शेकडो बंधांच्या कलकलाटात एका अणूने जागा बदललेली पकडता येते, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी जेवणाची सुट्टी विसरले होते.

पटलांचं काम त्यामानाने शांत. पटल बनतं मेदांच्या रेणूंचं, आणि त्यांच्या लांब शेपट्यांचं शोषण २८५०ला असतं. थंड असताना शेपट्या ताठ आणि दाटीने उभ्या. डीपीपीसी या नेहमीच्या मेदाचं पटल ४१ अंशांना सैल होतं आणि शिखर २८५३च्या आसपास जातं. सरकणं अवघ्या दोन-तीन अंकांचं, पण ते ठरलेल्या तापमानाला आणि एकदम होतं, म्हणून त्यावर भरवसा ठेवता येतो. आता या पटलात एखादं औषध किंवा पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी माळ) घुसवा. ४१चे ३८ झाले, चढ पसरट झाला, तर पाहुणा शेपट्यांमध्ये शिरलाय. शेपट्यांना काहीच झालं नाही, पण मेदाच्या डोक्याकडच्या फॉस्फेटचा पट्टा हलला, तर तो उंबऱ्यावरच थांबलाय. एका नमुन्यात, काहीही रंग किंवा खूण न जोडता, दोन्ही बाजूंची साक्ष मिळते. प्रथिनाचं काय झालं तेही आणि पटलाचं काय झालं तेही.

एका गोष्टीवरून मात्र माझं बऱ्याच लोकांशी पटत नाही. अमाइड वनचा पट्टा संगणकाला दिला की तो सांगाल तितकी शिखरं त्यात बसवून देतो. मग लोक मळसूत्र अमुक टक्के, चादर तमुक टक्के, असं दशांश चिन्हापर्यंत छापतात. संपूर्ण रचना हवी असेल तर क्ष-किरण आहेत, क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे, त्यांच्याकडे जा. आमच्या पद्धतीचा जोर कशात काय बदललं, किती वेगाने बदललं, हे सांगण्यात आहे, आणि तेही स्फटिक न करता, गढूळ गुठळीत, पटलात, कोरड्या भुकटीतसुद्धा. परीक्षणासाठी टक्केवारीचा लेख माझ्याकडे आला की मी त्यातला तक्ता नंतर वाचते. आधी वजाबाकीपूर्वीचा मूळ स्पेक्ट्रम मागवते, आणि २१२५ला काय उरलंय ते पाहते.