वेपर डेन्सिटी: हायड्रोजनशी की हवेशी?

अकरावी सायन्सला राजारामपुरीत क्लास लावला होता. मोलची गणितं, वायूंचे नियम, सगळं सुरळीत झालं. गाडी अडली ती सापेक्ष बाष्पघनतेवर, म्हणजे वेपर डेन्सिटीवर. सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘रेणुवस्तुमान = २ × बाष्पघनता’, आणि म्हणाले, "पाठ करा, परीक्षेला येतंय." हे दोन आले कुठून, असं विचारलं तर म्हणे पुढच्या तासाला बघू. तो तास काही आला नाही. अजून राग येतो, कारण उत्तर दोन मिनिटांचं आहे.

बाष्पघनता म्हणजे वायूच्या ठरावीक आकारमानाचं वस्तुमान भागिले तेवढ्याच आकारमानाच्या हायड्रोजनचं वस्तुमान, तापमान आणि दाब दोन्हीकडे सारखे. सारख्या आकारमानात रेणू सारखेच असतात हे ॲव्होगॅड्रोने १८११ मध्ये मांडलं. म्हणजे तुलना शेवटी एका रेणूची एका रेणूशी. हायड्रोजनच्या रेणूत दोन अणू, वस्तुमान २. तोच तो दोन! कार्बन डायऑक्साइडचं रेणुवस्तुमान ४४, म्हणून बाष्पघनता २२. अमोनिया १७, म्हणून ८.५. आणि हा भागाकार आहे, त्यामुळे एकक लिहायचं नाही.

एवढं सुटलं, तर उद्यमनगरात मामांच्या वर्कशॉपमध्ये एलपीजीचा सुरक्षेचा कागद हातात आला. त्यावर वेपर डेन्सिटी दीड ते दोन! एलपीजीत मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन; माझ्या हिशेबाने प्रोपेन २२, ब्युटेन २९. क्लासमध्ये दाखवलं तर "छपाईची चूक असेल" म्हणून कागद परत. चूक नव्हतीच. सुरक्षेच्या कागदांवर तुलना हवेशी असते, हवा म्हणजे १. हवेचं सरासरी रेणुवस्तुमान सुमारे २९. आता प्रोपेनचे ४४ भागिले २९ दीड, ब्युटेनचे ५८ भागिले २९ दोन. आकडा जुळला तेव्हा मी मामांना तिथेच हिशेब मांडून दाखवला. "म्हणूनच गळलेला गॅस खाली खड्ड्यात साचतो बघ," मामा म्हणाले. मिथेन १६ चा, हवेहून हलका, तो वर जातो.

तेव्हा आकडा दिसला की आधी विचारा, कुणाच्या तुलनेत? हायड्रोजनवरच्या आकड्याला साधारण १४.५ ने भागलं की हवेवरचा मिळतो.

हां, नवसागराचं, म्हणजे अमोनियम क्लोराइडचं राहिलं. त्याची बाष्पघनता २६.७५ यायला हवी, पण तापवल्यावर निम्म्याजवळ येते. एका रेणूचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन होतात, म्हणून. सूत्र तिथेही खरंच असतं, फक्त मिश्रणाचं सरासरी वस्तुमान देतं.