कोल्हापुरात दोन दिवस: पूरपातळीचा प्रोग्राम पायथन ३.१२ वर नेताना

पुण्याहून पहाटेची बस धरली. साताऱ्याच्या पुढे जागोजागी रस्त्याची कामं चालू आहेत, तेव्हा तासभर जादा धरूनच निघा. मध्यवर्ती बस स्थानकावर उतरलो तेव्हा साडेबारा वाजले होते. मित्र राजारामपुरीत राहतो. दारातच म्हणाला, "भावा, आधी जेवून घे. मशीन कुठं पळून जात न्हाई."

२०१९ च्या महापुरानंतर आम्ही चौघांनी एक छोटा ओपन सोर्स प्रोग्राम लिहिला होता. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी त्यात भरायची. तो आलेख काढतो आणि ३९ फुटांची इशारा पातळी किंवा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, की नदीकाठच्या ओळखीच्या घरांना मेसेज पाठवतो. आजवर तो जुन्या लॅपटॉपवर, उबुंटू २०.०४ (ऑपरेटिंग सिस्टिम) आणि पायथन ३.८ (तो ज्या भाषेत लिहिलाय ती) वर चालत आला. नव्या मशीनवर उबुंटू २४.०४, म्हणजे पायथन ३.१२. तिथं तो बिल्डच होईना, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयारच होईना, आणि पावसाळा तोंडावर आलेला.

मित्राने आठवडाभर थेट ३.१२ वर झटापट केली होती. एक एरर मिटली की दुसरी तयार. मी म्हटलं, एकेक पायरी चढू: ३.९, ३.१०, ३.११ आणि मग ३.१२. त्यासाठी पायएन्व्ह टाकलं, म्हणजे एकाच मशीनवर पायथनच्या अनेक आवृत्त्या ठेवणारं साधन. ते प्रत्येक आवृत्ती सोर्सपासून बांधतं, म्हणून कंपायलरबरोबर एसएसएल, झेडलिब, एफएफआय आणि एसक्यूलाइट (डेटाबेससाठी) या लायब्ररींची डेव्ह पॅकेजेस (बांधणीला लागणाऱ्या फाइल्स) आधी बसवून घ्या. आम्ही एसक्यूलाइटचं विसरलो. पायथन बांधून झालं, शेवटी एक वॉर्निंग आली, ती आम्ही वाचली नाही आणि डेटाबेस उघडताना अडकलो. पुन्हा बांधण्यात अर्धा तास गेला.

पुढचं बरंचसं सरळ होतं. ३.१० वर 'कलेक्शन्स' या पायथनच्याच मॉड्यूलमधून 'मॅपिंग' मिळेना. ते 'कलेक्शन्स डॉट एबीसी'मधून घेतलं. ३.१२ मध्ये डिस्टयुटिल्स (पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूल) काढून टाकलंय आणि नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (एका प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथनमध्ये) त्याच्या जागी वापरायचं सेटअपटूल्सही आपोआप येत नाही. नुसतं सेटअपटूल्स बसवलं तरी जुनी इम्पोर्टची ओळ चालून जाते. तेवढ्यावर थांबू नका. इम्पोर्ट बदला, पायप्रोजेक्ट फाइल लिहा आणि बिल्डला काय लागतं ते तिथं नोंदवा. चाचण्यांमधलं 'असर्टइक्वल्स'ही गेलंय, शेवटचा एस काढला की झालं.

यातली एकही गोष्ट अचानक गेलेली नाही. डिस्टयुटिल्स जाणार हे ३.१० पासून पायथन स्वतः सांगत होतं. डेप्रिकेशन वॉर्निंग, म्हणजे 'हे पुढे काढणार' ही आगाऊ सूचना, ही आमची ३९ फूट. आम्ही ४३ होईपर्यंत घरात बसून राहिलो. आता चाचण्या चालवताना ही वॉर्निंग म्हणजे एररच, असं सेटिंग करून ठेवलंय.

खरा घाम काढला तो सायथनच्या फाइलने. सायथन पायथनसारख्या कोडचं सी भाषेत रूपांतर करतं. फूट-इंचाचा हिशेब त्या फाइलीत आहे आणि तिच्यापासून तयार झालेली सी फाइल आम्ही रेपोत (प्रोजेक्टच्या कोडसोबत) तशीच ठेवली होती. ३.११ वर ती कंपाइल होईना, कारण तिला लागणारी एक हेडर फाइल त्या आवृत्तीत हलवली गेली. उपाय सोपा: सायथन ३ घेऊन सी फाइल नव्याने काढायची. काढली. बिल्ड झाला. मित्राने टाळीसाठी हात पुढं केला.

मी आधी जुन्या लॅपटॉपवरचा आउटपुट काढून ठेवला होता. तो शेजारी लावला, तर एका ओळीत ४२ फूट ७ इंचाच्या जागी ४२.५८ फूट ७ इंच. एकूण ५११ इंच भागिले १२ केल्यावर पूर्वी ४२ यायचे. सायथन ३ मध्ये भाषेची पातळी मुळातच पायथन ३ ची धरली जाते, त्यामुळे एका तिरक्या रेघेचा भागाकार आता अपूर्णांक देतो. पुढच्या फंक्शनने त्यात ७ इंच पुन्हा मिळवले आणि पातळी झाली ४३.१७. नदी धोका पातळीच्या पाच इंच खाली असताना आमच्या प्रोग्रामने लोकांना घर सोडायला सांगितलं असतं! एवढ्या चाचण्या, पण एकीनेही हे पकडलं नाही. दोन तिरक्या रेघा टाकल्या (त्याने भागाकार पूर्णांकात येतो), ४२ फूट ७ इंचाची चाचणी लिहिली आणि मगच रात्री साडेअकराला उठलो. काकूंनी तांबडा-पांढरा तिसऱ्यांदा गरम केला होता.

तुम्ही असं काम काढलंत तर बिल्डला हात लावण्याआधी जुन्या आवृत्तीवरचे आकडे फाइलमध्ये काढून ठेवा. जुनं मशीन त्याआधी फॉरमॅट करू नका. उबुंटू २४.०४ च्या सिस्टिम पायथनमध्ये पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने) काही बसवायला गेलात तर ते नकार देतं. जबरदस्तीचा पर्याय न वापरता व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा. आणि दोन दिवस हाताशी ठेवा, एका दिवसात होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ खाऊन २०१९ च्या सगळ्या नोंदी नव्या मशीनवरून पुन्हा चालवल्या. ओळ न् ओळ जुळली. दुपारच्या बसने परत निघालो. शिरोलीजवळ, त्या पुरात हायवे पाण्याखाली गेला होता तिथं, नदी तळाशी शांत होती. कराडच्या अलीकडे मित्राचा मेसेज आला: आपल्या वेब पानात सीजीआय मॉड्यूल (पानावरच्या फॉर्मची माहिती प्रोग्रामला देणारं) आहे, ते ३.१३ मध्ये नाही. मी लिहिलं, "दिवाळीत येतो."