कोटोरला एक दिवस: जहाजातून उतरून काय करायचं, काय सोडायचं

क्रूझवरून परत आल्यापासून आमच्या कोथरूडच्या सोसायटीत जो भेटतो तो हेच विचारतो, की अगं एका गावात एकच दिवस, तोही आठ-नऊ तासांचा, त्यात काय बघून होतं? होतं. छान होतं. फक्त काय बघायचं नाही हे पुण्यातून निघतानाच ठरवावं लागतं, तिथं उतरल्यावर ठरवायला गेलं की अर्धा दिवस बंदरावरच जातो. आमच्या ट्रिपमध्ये मनात सगळ्यात जास्त राहिलं ते कोटोर, आणि ओळखीतल्या दोन घरांचं पुढच्या मे महिन्याचं बुकिंग झालंय, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

कोटोर हे युरोपात, एड्रियाटिक समुद्राच्या काठावरच्या मॉन्टेनेग्रो या देशातलं छोटं बंदराचं गाव. देश २००६ साली स्वतंत्र झाला, युरोपियन युनियनमध्ये नाही पण चलन युरोच, त्यामुळे पैसे बदलायची भानगड नाही. व्हिसाचं मात्र नीट बघा. आमचं जहाज इटलीत ट्रिएस्टेहून निघालं होतं, आणि मॉन्टेनेग्रो शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नसल्यामुळे तिथं उतरलं की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडता, परत आत यायचं म्हणजे मल्टिपल एंट्रीवालाच व्हिसा पाहिजे. तसा चालू शेंगेन व्हिसा हातात असेल तर मॉन्टेनेग्रोसाठी भारतीयांना वेगळा व्हिसा काढावा लागत नाही, तरी निघायच्या आधी तेव्हाचे नियम एकदा तपासून घ्या.

आता मुख्य गोष्ट. कोटोरचा दिवस जहाजातून उतरल्यावर सुरू होत नाही, तो पहाटे डेकवर सुरू होतो. समुद्रातून थेट गाव लागत नाही, आधी बोका नावाच्या आखातात शिरायचं, मग एकामागून एक उघडणाऱ्या खाड्या, दोन्हीकडून सरळ पाण्यात उतरलेले डोंगर, आणि मध्ये एक जागा अशी येते की दोन काठांमधलं अंतर जेमतेम ३४० मीटर, तिथून एवढं मोठं जहाज अगदी हळू जातं, काठावरच्या घराच्या गॅलरीतला माणूस हात करतो तर त्याचा शर्ट कुठल्या रंगाचा ते दिसतं. लोक याला फ्योर्ड म्हणतात. पण नॉर्वेसारखं बर्फानं कोरलेलं हे नाही, ही समुद्राचं पाणी चढून बुडालेली नदीची खोल घळई आहे. सासूबाईंना साडेपाचला उठवून शाल गुंडाळून वर आणलं, म्हणलं आई तुम्ही नुसत्या बसा, त्या बसल्या आणि पुढचा दीड तास जागच्या हलल्या नाहीत.

ती चिंचोळी जागा ओलांडली की समोर पेरास्ट नावाचं गाव आणि त्याच्यापुढे पाण्यात दोन चिमुकली बेटं. एक नैसर्गिक आहे, त्यावर सुरूची झाडं. दुसरं माणसांनी केलेलं! १४५२ साली दोघा भावांना तिथल्या खडकावर मेरीची तसबीर सापडली अशी आख्यायिका आहे, आणि तेव्हापासून गावकरी त्या जागी दगड टाकत गेले, जुनी जहाजं दगड भरून बुडवत गेले, असं करत करत बेट झालं आणि त्यावर चर्च उभं राहिलं. अजूनही दर वर्षी २२ जुलैला संध्याकाळी होड्या एकमेकींना बांधून रांगेत नेतात आणि दगड टाकतात. आईंना हे सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे वारीच की गं ही." मला ते फार पटलं.

उतरल्यावर करण्यासारखं तीन-चार प्रकारचं असतं. बसनं बुडवा नावाच्या किनाऱ्यावरच्या गावाला, लोव्चेन डोंगरावर, केबल कारनं वर, बोटीनं पेरास्टला. आम्ही यातलं काहीही केलं नाही आणि ते ठरवूनच. आखाताच्या कडेनं जाणारा रस्ता एकच, दोन्ही बाजूंना एक-एक लेन, आणि जहाजं लागलेली असतात त्या दिवशी तो तुंबतो. मग खिडकीतून ट्रॅफिक बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? ज्यांना चढणं अजिबात नको त्यांनी पेरास्ट करावं, १२ किलोमीटरवर आहे आणि सुंदर आहे. पण माझं स्पष्ट मत, की पहिल्यांदा जाताय तर कोटोर एके कोटोर, आणि तेही पायी. आणि स्वतःहून टॅक्सी करून लांब गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही हे लक्षात ठेवा.

आमचं जहाज धक्क्याला लागलं नाही, तिथं आधीच दुसरं उभं होतं, त्यामुळे आखातात नांगर टाकून छोट्या बोटींनी काठावर नेलं. याला टेंडर म्हणतात. पहिल्या टेंडरनं उतरा, नाश्ता उरकून निवांत जाऊ म्हणलात तर रांगेत वेळ जातो आणि वर ऊन चढतं. गडासाठी ऊन फार महत्त्वाचं.

हो, गडच. कोटोरचा तट बघितला आणि मी वेडीच झाले. आपल्याकडे गड वर आणि पेठ खाली, मधे जंगल नैतर शेतं. इथं एकच तटबंदी समुद्राच्या पातळीवरून निघते, गावाला वळसा घालते, मागच्या उभ्या कातळावरून वर चढत जाते, २६० मीटरवरच्या सेंट जॉनच्या किल्ल्याला भिडते आणि दुसऱ्या बाजूनं खाली येऊन परत गावाला मिळते. सगळी मिळून साधारण साडेचार किलोमीटर. गाव आणि गड एकाच मिठीत. १४२० ते १७९७ इथं व्हेनिसचं राज्य होतं, आत्ता दिसतं त्यातलं बरंचसं काम त्या काळातलं. १५३९ ला ऑटोमन तुर्कांचा आरमारप्रमुख बार्बारोसा याचं आरमार आलं, १६५७ ला ऑटोमन सैन्यानं वेढा दिला, पण गाव पडलं नाही. वर उभं राहून खाली बघितलं की का पडलं नाही ते आपोआप कळतं: पुढे पाणी, मागे कडा, आणि येणारं प्रत्येक गलबत लांबूनच दिसतंय.

वर जायला १३५० पायऱ्या. पुणेकरांच्या हिशोबात सांगायचं तर पर्वती सलग तेरा वेळा. नवरा आईंबरोबर गावात थांबला आणि मी आणि लेक निघालो. गावाच्या मागच्या गल्लीतून वाट सुरू होते, सीझनमध्ये तिकीट असतं. पायऱ्यांचे दगड झिजून गुळगुळीत झालेत, कडेला कठडा सगळीकडे नाही, त्यामुळे बूट चांगले पाहिजेत, सँडल घालून आलेल्या कितीतरी जणी पहिल्या वळणावरच थांबलेल्या दिसल्या. साधारण अर्ध्या वाटेवर एक छोटं चर्च लागतं, १५१८ चं, प्लेगातून वाचलेल्या लोकांनी बांधलेलं. ज्यांना दम लागतो त्यांनी इथपर्यंतच यावं, खाली वाकून बघितलं की लाल कौलांचा त्रिकोण, त्यातून वर आलेले चर्चचे मनोरे, पलीकडे हिरवंनिळं पाणी. आम्ही पुढे टोकापर्यंत गेलो. वर बुरूज बरेच पडलेत, भिंतींमधून अंजिराची झाडं उगवलीत, आणि वारा असा की टोपी हातात धरावी लागली. लेक म्हणाली, आई इथं पिठलं-भाकरीवाले नाहीत तेवढंच फक्त. पाणी खालून घेऊन जा, भरपूर घ्या.

एक पावसाचंही सांगते, ताम्हिणीच्या पावसाचं आपल्याला एवढं कौतुक म्हणून. या आखाताच्या मागच्या डोंगरात एक ठिकाण आहे जिथं वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, युरोपातल्या सगळ्यात ओल्या जागांपैकी एक, आणि हा पाऊस मुख्यतः हिवाळ्यातला. डोंगर चुनखडीचे, त्यामुळे पाणी आत मुरतं आणि पायथ्याला झऱ्यांतून बाहेर येतं. गावाच्या उत्तरेच्या दरवाजाखालून जी नदी वाहते तिचं पाणी असंच, तळातला एकेक गोटा मोजता येईल इतकं स्वच्छ. तिथल्या पुलावर पाच मिनिटं थांबाच.

खाली आल्यावर घड्याळाच्या मनोऱ्यापाशी भेटायचं ठरलं होतं. समुद्राकडच्या मुख्य दरवाजातून आत आलं की समोरच आहे, १६०२ चा. आई आणि नवरा तिथं कॉफी घेत बसले होते, आईंच्या पायाशी दोन मांजरं. मांजरं गावभर आहेत, आणि दुकानांच्या पायरीवर त्यांच्यासाठी पाण्याच्या वाट्या ठेवलेल्या असतात.

मग सगळे मिळून सेंट लूकच्या चर्चमध्ये गेलो. मोठं कॅथेड्रल सेंट ट्रायफनचं, ११६६ चं, तेही बघा, त्याचे पुढचे दोन मनोरे १६६७ च्या भूकंपानंतर परत बांधले आणि ते एकसारखे नाहीत. पण वेळ थोडा असेल तर माझी पसंती सेंट लूकला. ११९५ चं, दहा-पंधरा माणसांत भरून जाईल एवढंसं. आत दोन वेद्या आहेत, ख्रिश्चनांच्या दोन वेगळ्या पंथांच्या, एक कॅथलिकांची आणि एक ऑर्थोडॉक्सांची. सतराव्या शतकाच्या मध्यात तुर्कांबरोबरच्या लढाईमुळे आजूबाजूच्या ऑर्थोडॉक्स लोकांना गावात आसरा घ्यावा लागला, कॅथलिक गावानं त्यांना आपल्याच चर्चमध्ये जागा दिली, आणि पुढे दीडएकशे वर्षं दोघांची प्रार्थना एकाच छपराखाली होत होती. दोन्ही वेद्या अजून तिथं आहेत. मी बाकी सगळं विसरेन पण हे नाही विसरणार.

आणि त्या चर्चची जमीन म्हणजे थडग्यांच्या शिळा. गावातल्या लोकांना आतच पुरायचे, त्यामुळे पायाखाली अक्षरं, अर्धी झिजलेली. बाकीचे टुरिस्ट वरून चालत होते, त्यात काही चूक नाही, ती जमीनच आहे. पण आईंना कळल्यावर त्या दारातच थबकल्या, मग काठी टेकत भिंतीकडेनं, दोन शिळांच्या फटीवरून पाऊल टाकत टाकत पुढे गेल्या, वेदीपाशी हात जोडले आणि तशाच मागे आल्या. तिथं बसलेली म्हातारी बाई हे सगळं बघत होती. तिनं उठून आईंना स्वतःची खुर्ची दिली. दोघी जरा वेळ शेजारी शेजारी होत्या, एकीला मराठीशिवाय काही येत नाही आणि दुसरीला तिच्या भाषेशिवाय.

या गावानं सोसलंही बरंच. १५ एप्रिल १९७९ ला मोठा भूकंप झाला, जुनं गाव पार हादरलं, लोकांना घरं सोडावी लागली. त्याच वर्षी युनेस्कोनं वारसास्थळ म्हणून नोंद केली आणि धोक्यातल्या वारशांच्या यादीतही घातलं, त्यातून नाव निघायला २००३ उजाडलं. आत्ता आपण ज्या गल्ल्यांत फोटो काढतो त्या दगड दगड लावून परत उभ्या केल्यात. आणि तिथं लोक राहतात हो! वर दोरीवर कपडे वाळत असतात, आजी खिडकीतून टोपली सोडते. दोन जहाजं लागली की काही हजार माणसं एकदम त्या त्रिकोणात शिरतात. म्हणून कळकळीनं सांगते, मोठमोठ्यानं हाका मारत, घोळक्यानं गल्ली अडवून चालू नका, कुणाच्या दारात बसून डबे उघडू नका. आणि काहीतरी तिथलं विकत घ्या. जहाजावर फुकट जेवण आहे म्हणून सगळे दुपारी परत पळतात, गावाच्या वाट्याला येते ती नुसती गर्दी.

आम्ही तटाबाहेरच्या बाजारातून खरेदी केली. दोऱ्यात ओवलेली सुकी अंजिरं, मध, डोंगरातल्या नेगुशी गावचं चीज. विकणारीनं चिजाचा तुकडा सुरीच्या टोकावर धरून आईंना दिला, आईंनी चाखून मान हलवली, मग भाव बोटांवर झाला. शाकाहारींसाठी बेकरीत चीजचा नैतर पालकाचा बुरेक, म्हणजे पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजलेला प्रकार, मिळतो, गरम खा, पोट भरतं. पण मटणाचाही बाहेरून अगदी तसाच दिसतो, म्हणून प्रत्येक वेळी विचारून घ्या, डिस्प्लेकडे बोट दाखवून घेऊ नका.

बोर्डवर परत यायची वेळ जहाज सुटायच्या बऱ्याच आधीची असते, टेंडर असेल तर शेवटच्या बोटीला मोठी रांग लागते, त्यामुळे एक बोट आधीची पकडा. आणि सुटताना केबिनमध्ये किंवा जेवायला जाऊ नका. सकाळी आत येताना ती दोन बेटं डावीकडे होती, जाताना उजवीकडे येतात, संध्याकाळचं ऊन समोरच्या पेरास्टवर पडलेलं असतं. उजव्या बाजूच्या खुर्च्या लवकर भरतात, आधी एकाला पाठवून जागा धरून ठेवा.