डॉट ऑर्ग आहे, म्हणजे खरंच असणार ना?

“वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी डॉट ऑर्ग आहे, म्हणजे माहिती खरीच असणार ना?”

आज वर्गात आलेला हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. चूक त्या मुलीची नाही. शेवटची अक्षरं बघा, साइटवरचं ‘आमच्याविषयी’ पान वाचा, शुद्धलेखन तपासा, हे आपणच शिकवत आलो. पण डॉट ऑर्ग पैसे भरून कुणालाही घेता येतं. आणि ‘आमच्याविषयी’मध्ये कुणी स्वतःबद्दल वाईट कशाला लिहील?

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात १० इतिहासकार, २५ विद्यार्थी आणि १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस होते. वेबसाइट किती विश्वासार्ह, हे त्यांना ठरवायचं होतं. नीटनेटक्या मांडणीला आणि लोगोला इतिहासाचे पीएचडीधारकही भुलले. तपासनीस मात्र पानावर रेंगाळले नाहीत. नवीन टॅब उघडून ‘हे लोक कोण?’ ते त्यांनी बाहेर शोधलं.

हेच मुलांकडून करून घ्यायचं. संस्थेचं नाव अवतरणचिन्हांत टाकून शोधायचं. पहिल्याच निकालावर क्लिक नाही, आधी सगळे निकाल खालपर्यंत बघायचे. फोटो असेल तर फोटोवरून शोध घ्यायचा. नव्या घटनेला चिकटवलेला जुना फोटो बहुतेकदा इथे सापडतो.

मुलं खरी अडतात ती पुढे. पाच साइटवर तेच दिसलं की त्यांची खात्री पटते. पण वाक्यं शब्दशः तीच असतील, तर पाच साइट म्हणजे बहुधा एकच स्रोत, बाकी नक्कल. मग सर्वांत जुनी तारीख कुणाची, ते बघायचं.

यावर अख्खा तास द्यावा का? तुम्ही कसं शिकवता?